तागावर केसाळ अळी आलीय, औषध मारू का?

प्रश्न : आडसाली (जुलै-ऑगस्टमध्ये लावायच्या) उसाआधी हिरवळीच्या खतासाठी ताग टाकलाय, महिन्याचा झालाय आणि पानांवर केसाळ अळ्या दिसायला लागल्यात, दुकानदार म्हणतो कडक औषध मार. काय करू? - एक शेतकरी, वाळवा, जि. सांगली

उत्तर : दादा, खत म्हणून जमिनीत गाडायच्या तागावर कडक औषध अजिबात नको, पैसे तर जातातच वर मित्रकीटकपण मरतात. थोडी पानं खाल्ली तर खाऊ द्या, 45-50 दिवसांत फुलोरा आला की गाडायचंच आहे ना. फारच वाढल्या तर वेचून साबणाच्या पाण्यात टाका, नाहीतर 5 टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा. बियाण्यासाठी पट्टा राखला असेल तर तिथं मात्र रोज फिरा, ही अळी शेंगेत शिरून बी खाते.