ह्युमन अँड एन्व्हायर्नमेंटल सिक्युरिटीत मास्टर्स करायला सायन्सचीच डिग्री लागते का?

नाही, सहसा लागत नाही, राज्यशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, कायदा कुठूनही जाता येतं, मी स्वतः राज्यशास्त्रातूनच आलोय. कारण इथे सीमा नि सैन्यापेक्षा माणूस किती सुरक्षित आहे हे बघतात, यूएनडीपीच्या (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) १९९४ च्या मानव विकास अहवालात या सुरक्षिततेचे ७ प्रकार दिलेत (अन्न, आरोग्य, पर्यावरण वगैरे), त्यातला दुसरा चॅप्टर आधी वाचाच, ऑनलाइन फुकट आहे. फक्त एक, आकडेमोडीतून सुटका नाही, कारण दुष्काळ पडला म्हणून दंगे झाले असं सरळ लिहून चालत नाही, मधे पाण्याचे हक्क, धान्याचे भाव, सरकार काय करतंय हे सगळं येतं आणि ते वेगळं काढायला स्टॅटिस्टिक्स लागतं, थोडं जीआयएस (नकाशावर माहिती मांडून तपासायचं तंत्र) पण.