बी.एससी.च्या पहिल्या वर्षाची ऑनलाइन नोंदणी नेटकॅफेवाल्याकडून करून घेऊ का? मेजर, मायनर, ओई कोणते घ्यायचे हे कॉलेजात कोणाला विचारायचं?

नेटकॅफेत जा, पण खुर्चीत तू बस. स्कॅन करणं, फोटो लहान करणं, प्रिंट काढणं ही कामं तो माझ्यापेक्षा चांगली करतो. विषयांच्या यादीवर मात्र त्याचा हात जाऊ देऊ नकोस. (मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा, आणि ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, आपल्या शाखेबाहेरचा विषय.)

(तू म्हटलेलं चालेल ना? तालुक्याच्या गावी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. दर जून-जुलैत प्रवेश समितीच्या टेबलावर बसते आणि तुझ्याएवढ्या मुलींना दिवसभर तूच म्हणते.)

तू लिहिलंयस की घरातून कॉलेजला जाणारी तू पहिलीच, पोर्टलवर दहा प्रकारचे विषय विचारतायत, वर एबीसी आयडी मागतायत (तो काय ते पुढे सांगते), आणि गावातला नेटकॅफेवाला म्हणतो, "मी भरून देतो, तू फक्त कागद आण." तो भला माणूस असेलही. पण मागे एका ऑक्टोबरात परीक्षेच्या फॉर्मवेळी एक मुलगा माझ्याकडे आला, त्याची गोष्ट सांगते. पूर्ण सेमिस्टरभर तो फोटोग्राफीच्या ओईला बसत होता. मित्र तिथे बसायचे म्हणून हाही बसला. परीक्षेच्या फॉर्मवर विषय आला बँकिंगचा. जुलैत फॉर्म भरणाऱ्याने यादीत जे पहिलं दिसलं त्यावर टिचकी मारली होती. ओईच्या वर्गात सगळ्या शाखांची शंभरावर मुलं असतात, हजेरी कागद फिरवून होते, त्यामुळे हा चुकीच्या वर्गात बसलाय हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. चूक आमचीही होती, नाही म्हणत नाही. पण विषय बदलायची मुदत कधीच संपली होती. शेवटी हजेरीसाठी त्याच्याकडून हमीपत्र लिहून घेतलं, त्याने कॉमर्सच्या मुलींच्या वह्या आणून तीन आठवड्यांत बँकिंग केलं आणि काठावर सुटला. फोटोग्राफी शिकला, त्याचे गुण शून्य.

आता कोणाला विचारायचं ते. परदेशातल्या बऱ्याच विद्यापीठांत ह्या कामासाठी ॲकॅडमिक ॲडव्हायझर नावाचा पगारी माणूस असतो. काही ठिकाणी त्याच्याशी बोलल्याशिवाय नोंदणीचं पोर्टलच उघडत नाही. आपल्याकडे ते काम चार जणांत वाटलेलं आहे आणि कोणाकडे काय, हे कुठल्या दारावर लिहिलेलं नाही. मेंटर, म्हणजे मुलांना नेमून दिलेला मार्गदर्शक शिक्षक, असतो कागदावर, कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅक संस्थेच्या मूल्यांकनात ते विचारतात म्हणून. पण मेंटरची यादी नोटीस बोर्डावर लागेपर्यंत तुझे विषय भरूनही झालेले असतात.

म्हणून चौघांना गाठ. विषयात आत काय आहे आणि पुढे त्याचं काय होतं, हे त्या विभागातल्या शिक्षकांना विचार. ऑफिसात विचारू नकोस. त्यांना कोड माहीत असतो, अभ्यासक्रम नाही. उलट तारखा, फी, जातीचा दाखला, एलिजिबिलिटी (विद्यापीठाची पात्रता तपासणी), पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) ह्यातलं आम्हा शिक्षकांना अर्धवट माहीत असतं आणि आम्ही ते फार आत्मविश्वासाने सांगतो, तेव्हा ते क्लार्कलाच विचार. कुठला मायनर कुठल्या मेजरच्या तासाला आदळतो, हे वेळापत्रक करणाऱ्या सरांना ठाऊक. एसटीने येणार असशील तर हे आधीच बघ. मायनरचा तास सकाळी साडेसातला आणि तुझी पहिली गाडी आठला पोचत असेल, तर विषय कितीही आवडता असो, उपयोग नाही. चौथे म्हणजे दुसऱ्या वर्षाची मुलं. पोर्टलवर पंधरा ओई दिसतात, त्यातले प्रत्यक्षात किती चालतात आणि शिकवायला कोण येतं, हे तीच खरं सांगतील.

खिडकीवर कसं विचारायचं, हेही शिकावं लागतं. "सर, माझा फॉर्म होत नाहीये" म्हटलंस तर "वेबसाइट बघा" हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी अर्जाची प्रिंट पुढे करायची आणि म्हणायचं, "हा अर्ज क्रमांक, इथे एलिजिबिलिटी पेंडिंग दाखवतंय, कुठला कागद कमी पडतोय?" ह्याला उत्तर मिळतं. एरवी चिडचिडा म्हणून प्रसिद्ध असलेला माणूस मान वर करून सांगतो, "मायग्रेशन जोडलेलं नाही तुझं." (सीबीएसईची किंवा परराज्यातली असशील तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागेलच. आपल्या राज्य मंडळाची असशील तर शाळा सोडल्याचा दाखला आणि बारावीची मूळ गुणपत्रिका तयार ठेव.)

विषयांकडे येऊ. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आलं आणि तेव्हापासून पहिल्या वर्षाचा फॉर्म हॉटेलच्या मेनूकार्डासारखा झाला. घाबरू नकोस, ह्यातल्या दोन-तीनच रकान्यांत खरी निवड आहे. एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट भरायचे असतात. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा ३०. म्हणजे दोन क्रेडिटचा विषय आठवड्याला दोन तासांचा. भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण, भाषा हे बहुतेक ठिकाणी ठरलेलेच असतात, त्यावर डोकं शिणवू नकोस. एनएसएस, एनसीसी, खेळ ह्यांतलं झेपेल ते घे. डोकं लावायचं ते मेजर, मायनर आणि ओईवर.

मेजर-मायनरची मांडणी विद्यापीठागणिक वेगळी आहे. काही ठिकाणी पहिल्या वर्षाला तीन विषय सारख्याच वजनाने घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर करून तिसरा सोडायचा. काही ठिकाणी मेजर पहिल्या दिवशीच ठरतो. तुझ्या विद्यापीठात काय आहे, हा विभागात विचारायचा पहिला प्रश्न, कारण तीन विषयांची पद्धत असेल तर तुझ्या हातात अजून एक वर्ष आहे आणि आज रात्रभर जागायचं कारण नाही.

निवड करताना शेवटाकडून मागे ये. एम.एससी. करायचं असेल तर ज्या विषयात करायचं तोच मेजर लागेल असं धरून चाल, आणि जिथे करायचं त्या विद्यापीठाची पात्रता आजच वाचून घे. बी.एड. करून शिक्षिका व्हायचं असेल तर शाळेत शिकवले जाणारे विषय पदवीला असलेले बरे, अध्यापन पद्धती त्यावरून मिळते. एमपीएससीच्या राज्यसेवेला कुठलीही पदवी चालते, तेव्हा "एमपीएससीला उपयोगी" म्हणून कोणी मायनर गळ्यात मारत असेल तर ऐकून सोडून दे. केमिस्ट्री मेजर घेणाऱ्या मुलींना मी गणिताचा मायनर सुचवते आणि त्या नाक मुरडतात. दुसऱ्या वर्षी फिजिकल केमिस्ट्रीत डिफरन्शियल समीकरणं आली की त्याच विचारायला येतात. पण बारावीला तू गणित सोडलेलं असशील तर हे ऐकू नकोस, बॉटनी घे आणि सुखी राहा.

ओई आपल्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. तू विज्ञानाची आहेस आणि ओईच्या यादीत फिजिक्स-केमिस्ट्रीच दिसतायत, असं झालं तर थांब. वर कुठेतरी शाखा चुकीची पडली असणार. आणि वर्ग सुरू झाल्यावर वाटलंच की विषय चुकला, तर पहिल्या काही दिवसांत बरीच कॉलेजं बदलून देतात. पण तोंडी नाही, अर्ज लिहून. अर्जाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. "सरांना सांगितलं होतं" ह्याला परीक्षा विभागात काडीची किंमत नाही.

एबीसी आयडी म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा १२ आकडी खाते क्रमांक. ही व्यवस्था २०२१ मध्ये आली. आता त्यालाच अपार आयडी म्हणतात, तेव्हा दोन वेगळे नंबर शोधत बसू नकोस. तू पास केलेल्या विषयांचे क्रेडिट तिथे जमा होतात. मध्येच कॉलेज बदललं किंवा शिक्षण थांबलं तर ते जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. एका पालकांनी मला विचारलं होतं, "मॅडम, ह्या बँकेचं पासबुक कुठल्या शाखेत मिळतं?" हसू नकोस, नावच तसं ठेवलंय.

आयडी डिजिलॉकरवरून पाच मिनिटांत निघतो, पण ओटीपी आला तर. तो जातो आधारला जोडलेल्या मोबाइलवर, आणि तो नंबर निम्म्या मुलींचा वडिलांचा असतो. गेल्या वर्षी एक मुलगी माझ्या टेबलापाशी उभी राहून वडिलांना फोन करत होती. ते कांद्याच्या वावरात. पहिला ओटीपी रेंज नाही म्हणून गेला. दुसऱ्या वेळी मेसेज पोचला, पण वडील आकडे सांगायलाच तयार नाहीत. "फोन लावला की आधी ती बाई सांगते, ओटीपी कोणाला देऊ नका. तू खरंच पोरगीच बोलतेस कशावरून?" ही रडकुंडीला आली. शेवटी मी फोन घेतला तर त्यांचा संशय अजूनच वाढला. मग तिने घरच्या म्हशीचं नाव सांगितलं आणि सहा आकडे मिळाले! खरं तर त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. तू हे काम रविवारी घरी, वडिलांचा फोन शेजारी ठेवून कर. जोडलेला नंबर बंद पडला असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो बदलून घे, त्याला वेळ लागतो.

दुसरी अडचण नावाची. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. शब्दांच्या ह्या क्रमावरून सहसा अडत नाही, अडतं ते स्पेलिंगवर. वडील एका कागदावर ज्ञानदेव, दुसऱ्यावर ज्ञानदेवराव. तुझ्या नावात एकीकडे एक 'ए', दुसरीकडे दोन. नाव आणि जन्मतारीख जुळली नाही तर क्रेडिट खात्यात चढत नाहीत आणि हे कळतं तिसऱ्या वर्षी, घाईच्या वेळी. आज दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघ. फरक असेल तर गुणपत्रिका दाखवून आधार दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं. मात्र आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून तिथेही तूच अक्षरं वाचायची.

फॉर्मवर मोबाइल आणि ईमेल तुझाच टाक. नेटकॅफेवाले घाईत स्वतःचा टाकतात. मग पासवर्ड त्यांच्याकडे, आणि परीक्षेचा फॉर्म, हॉल तिकीट, दर वेळी त्यांच्या दुकानात चक्कर आणि पन्नास रुपये. पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव, काही बिघडत नाही.

फी भरताना पैसे गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नकोस. व्यवहाराचा क्रमांक टिपून ठेव, एक-दोन दिवस स्टेटस बघ, मग ऑफिसात जा. आणि शेवटच्या रात्रीची वाट बघू नकोस, सगळा जिल्हा त्याच वेळी पोर्टलवर असतो. सबमिट करण्याआधी प्रिव्ह्यूची प्रिंट काढ आणि प्रत्येक विषयाचं नाव मोठ्याने वाच. प्रवेश निश्चित झाला म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला गेला असं नाही, तो वेगळा असतो. दर वर्षी दोघं-तिघं त्यात सापडतातच.

शिष्यवृत्तीचं तू विचारलं नाहीस, पण महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) अर्जही स्वतंत्र असतो आणि दर वर्षी नव्याने करावा लागतो. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं जोडलं गेलं असं नव्हे. थेट मदतीसाठी एका वेळी एकच खातं जोडलेलं असतं. ही जोडणी एनपीसीआय नावाच्या संस्थेकडे नोंदलेली असते, म्हणून बँकेत "एनपीसीआयला माझं कुठलं खातं जोडलंय" असं स्पष्ट विचार. पुष्कळांचे पैसे त्यांनाच आठवत नसलेल्या जुन्या खात्यात पडून असतात.

ऑफिसला मंगळवारी-बुधवारी सकाळी उघडल्या उघडल्या जा. सोमवारी गर्दी आणि दुपारी जेवणाची सुट्टी. सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स, स्टेपलर आणि स्वतःचं पेन घेऊन जा. खिडकीवर दोरीला बांधलेलं एक असतं, पण मी तिथे नोकरीला लागल्यापासून ते उमटलेलं पाहिलेलं नाही.