आधी रजा मागून बघ

प्रिय,

तुझा तक्ता उघडून बघितला. इंटरनेटवर हजारो जणांबरोबर खेळायचे सात खेळ, प्रत्येकासमोर ग्राफिक्स, कथा, लढाई, गर्दी, महिन्याचा खर्च असे रकाने, दहापैकी गुण, आणि खाली बेरजेत तीन खेळ बरोबरीत. वर मलाच विचारतोस, "मावशी, आता काय करू? कोणता निवडू?" अरे, वॉरक्राफ्ट, फायनल फँटसी 14 आणि गिल्ड वॉर्स 2 बरोबरीत सुटले कारण तिन्ही चांगलेच आहेत. यांतला वाईट कोणता ते मलाही सांगता येणार नाही. पण तुझ्या तक्त्यात एक रकाना राहून गेला आहे आणि मला त्या एकाबद्दलच बोलायचं आहे. पंधरा दिवस तू फिरकला नाहीस तर हा खेळ तुझं काय करतो? रजा देतो का?

बँकेत जन्म गेलेली बाई दुसरं काय विचारणार, म्हणशील. म्हण. रुजू होताना प्रत्येक साहेब गोडच बोलतो. त्याचा स्वभाव कळतो तो रजेचा अर्ज टेबलावर ठेवला की.

सोबत तू 'मी कोणत्या प्रकारचा खेळाडू' या चाचणीचा निकालही पाठवलास, 'एक्सप्लोरर, 73 टक्के'. रिचर्ड बार्टलनं 1996 साली एक निबंध लिहिला आणि त्यात खेळाडूंचे चार प्रकार सांगितले, हे खरं. टक्के काढणारी चाचणी मात्र त्याची नाही, ती पुढे दुसऱ्यांनी त्या निबंधावरून बनवली. आणि त्याचा स्वतःचा खेळ कोणता, ठाऊक आहे? 'मड', या जातीच्या खेळांचा मूळपुरुष. 1978 साली एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉनं सुरू केला, बार्टलनं पुढे नेला. बाहेरच्या लोकांना तो खेळायचा असेल तर विद्यापीठाचं यंत्र मोकळं होईपर्यंत थांबायचं, म्हणजे रात्री उशिरा. या जातीचे खेळ माणसाची झोप खात आलेत ते असे मुळापासून. तुझ्या 73 टक्क्यांत झोपेचे किती टक्के धरलेस?

आता वॉरक्राफ्ट. तुझा जर्मनीतला आतेभाऊ बोलावतो आहे, त्याची गिल्ड, म्हणजे खेळाडूंची टोळी, चांगली आहे, त्यांना हीलर, म्हणजे लढाईत बाकीच्यांच्या जखमा भरणारा, हवा आहे. सगळं मान्य. ती गिल्ड रात्री आठ ते अकरा रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची मोठी मोहीम, करते. तिथले आठ म्हणजे आपले हिवाळ्यात साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा. त्यांची रेड संपेल तेव्हा तुझ्या हॉस्टेलच्या मागच्या रस्त्यावर दूधवाले निघालेले असतील. सिडनीच्या सर्व्हरवर जावं तर त्यांचे आठ वाजतात आपल्या दुपारी, तुझ्या प्रॅक्टिकलच्या वेळेला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे रात्रीचे आठ म्हणजे आपली पहाट, साडेपाच-साडेसहा. लवकर उठणारी काही मंडळी ते करतात आणि आंघोळ करून ऑफिसला जातात. तू लवकर उठणाऱ्यांतला नाहीस, हे मला तुझ्या आईकडून कळलेलं आहे.

पिंगचं, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळाचं, रडगाणं सगळेच गातात. मुंबईहून युरोपला दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, फायनल फँटसीत तर दोन मुख्य वारांमधलं अंतरच अडीच सेकंदांचं, त्यामुळे बरंचसं निभावून जातं. घड्याळाचं काही निभावत नाही. तुझ्या तक्त्यात पिंगला रकाना आहे, घड्याळाला नाही. कमाल आहे.

शिवाय वॉरक्राफ्टची आठवड्याची हजेरी असते. ग्रेट व्हॉल्ट नावाची तिजोरी दर आठवड्याला उघडते. आठ मिथिक प्लस डंजन (छोट्या गटाच्या अवघड मोहिमा) पार केलीस तर तीन वस्तू पुढे येतात, त्यांतली एक घ्यायची. एकही नाही केलंस तर तो आठवडा गेला, पुढच्या आठवड्यात भरून निघत नाही. तरी पूर्वीपेक्षा खूपच सुधारलाय म्हणायचा. 2016 च्या लीजनपासून शॅडोलँड्सपर्यंतच्या एक्सपान्शनांत, म्हणजे खेळाला जोडलेल्या नव्या भागांत, रोज कसली ना कसली शक्ती गोळा करत बसावं लागायचं, एक दिवस चुकला की बाकीचे पुढे. 2022 च्या ड्रॅगनफ्लाइटमध्ये ते काढून टाकलं. आणि एक गोष्ट या खेळाच्या बाजूनं सांगितलीच पाहिजे. तुला तो विश्रांतीचा निळा पट्टा माहीत असेल, खेळातल्या धर्मशाळेत जाऊन लॉग आउट केलं की भरत जाणारा आणि परतल्यावर दुप्पट अनुभव देणारा. खेळ बाजारात येण्याआधीच्या चाचणीत तो उलटा होता. फार वेळ खेळलं की पात्र थकायचं आणि अनुभव निम्मा मिळायचा. खेळाडू भडकले. मग त्यांनी निम्म्याला पूर्ण म्हटलं, पूर्णाला दुप्पट म्हटलं, आणि सगळे खूश. म्हणजे रजा द्यायची कशी, हे 2004 सालीच या लोकांना कळलेलं होतं. कळूनही पुढे काय काय केलं, ते मी स्वतः पाहिलं आहे.

ते सांगायला हवं, कारण तुझ्या आईनं तुला अर्धवट काहीतरी सांगितलेलं दिसतं. मी तेव्हा वॉरक्राफ्ट खेळायचे. 2009 च्या शेवटी त्यातली आइसक्राउन सिटाडेल ही रेड उघडली त्या सुमारास माझं स्केल टूच्या बढतीचं चाललं होतं. बढती म्हणजे बदली, आणि बदली मेळघाटाकडच्या शाखेत, जिथे ब्रॉडबँड नव्हतं. मी बढती नाकारली. 'खेळापायी नोकरीचं नुकसान केलं' असं माहेरी-सासरी अजून म्हणतात. म्हणोत. मुलगी पहिलीत होती, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, आणि हो, पंचवीस माणसं आठवड्यातून तीन रात्री माझ्या भरवशावर उभी राहायची. यांतलं कोणतंही एक कारण पुरेसं होतं, मग तिसऱ्यावरच बोट का ठेवायचं? आमच्या गिल्डचा नियम होता, लागोपाठ दोन रेड चुकवल्या की जागा दुसऱ्याची. त्या नियमाला मीही हात वर केला होता आणि आजही करीन, पंचवीस जणांचा संसार त्याशिवाय चालत नाही. पुरुष मंडळी क्रिकेटच्या क्लबात रविवारच्या रविवार घालवतात, त्यांना कुणी हिशेब मागत नाही.

पण मग पुढच्या डिसेंबरात कॅटॅक्लिझम हे नवं एक्सपान्शन आलं. सिटाडेलमधून रात्री जागून मिळवलेले झगे नि टोप्या 85 लेव्हल गाठेपर्यंत रस्त्यातल्या साध्या क्वेस्टच्या, म्हणजे किरकोळ कामगिरीच्या, हिरव्या, हलक्या प्रतीच्या वस्तूंपुढे मोडीत निघाले. प्रत्येक एक्सपान्शनला हेच होतं, मला आधीही ठाऊक होतं, बर्निंग क्रुसेडच्या वेळीही हेच झालं होतं. बढतीचं मला काही वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की त्या पंचवीस जणांकडे मी एकदाही महिन्याची रजा मागितली नाही. मागितली असती तर कदाचित दिली असती. न मागताच मी नाही गृहीत धरलं. म्हणून तुला पुन्हा सांगते, आधी रजा मागून बघ. गिल्डकडे माग, खेळाकडे माग, आणि चेहरा कसा होतो ते बघ.

गिल्ड वॉर्स 2 ला तू कथेत पाच गुण दिलेस, ठीक आहे, सुरुवातीची कथा तितपतच आहे. तुझा रूममेट तोच खेळतो आणि तो तुला 'संथ आहे' म्हणाला, तेही ठीक. आता माझा रकाना लाव. ऑगस्ट 2012 मध्ये हा खेळ आला तेव्हा सर्वांत वरची लेव्हल 80 होती. आज इतकी एक्सपान्शन आली तरी 80 च आहे. 2013 साली कुणी ॲसेंडेड या वरच्या प्रतीचं चिलखत शिवलं असेल तर आकड्यांत ते आजही वरच्याच पायरीवर आहे. लेजेंडरी नावाच्या प्रतीची सोय जास्त, ताकद तेवढीच. महिन्याची फी नाही. चार वर्षं गायब हो, परत ये, तुझी तलवार तुझीच आणि तितकीच धारदार. हल्ली त्यांनीही विझर्ड्स व्हॉल्ट आणून रोजची आणि आठवड्याची कामं चिकटवली आहेत, ते मला पटलेलं नाही. पण ती चुकली म्हणून कुणी मागे पडत नाही. गैरसोय वेगळीच आहे. 80 ला पोहोचल्यावर 'आता काय?' असं वाटतं, आणि तो प्रश्न खेळ सोडवून देत नाही. तुला पाठीवर हात ठेवून पुढचं काम सांगणारं कुणीतरी लागतं, हे मी ओळखून आहे. लागू दे थोडे दिवस. सवय होईल.

फायनल फँटसी 14 मध्ये तुझा जीव अडकला आहे, ते दहापैकी दहा बघूनच कळलं. खेळाचा इतिहास मोठा रंजक आहे. 2010 मध्ये आला तो इतका फसला की डिसेंबरात नाओकी योशिदांना आणून बसवलं, नोव्हेंबर 2012 मध्ये जुनं जग आकाशातून चंद्र पाडून बंद केलं, आणि ऑगस्ट 2013 मध्ये नवं उघडलं. हेच योशिदा खेळाडूंना जाहीरपणे सांगतात की नवीन काही नसेल तेव्हा सबस्क्रिप्शन थांबवा, दुसरे खेळ खेळा, नवा पॅच आला की या. स्वतःहून रजेवर जा म्हणणारा साहेब मी नोकरीतही पाहिला नाही. कथा तुझी वाट बघत थांबते, तिला पंधरा दिवस काय नि पंधरा महिने काय. फक्त घर घेऊ नकोस. 45 दिवस घरात पाऊल टाकलं नाहीस तर ते पाडतात, आणि घरासाठी सबस्क्रिप्शन भरत राहिलेली माणसं मला माहीत आहेत. खेळत नाहीत, फक्त घरात डोकावून येतात.

तिथली मोफत चाचणी लेव्हल 70 पर्यंत आहे आणि तिला मुदत नाही. स्टॉर्मब्लड या एक्सपान्शनपर्यंतची सगळी कथा त्यात येते, म्हणजे तुझं एक अख्खं वर्ष. फ्री कंपनीत (तिथल्या गिल्डमध्ये) जाता येत नाही, बाजारात विकता-घेता येत नाही, गिल (तिथलं चलन) तीन लाखांवर साठत नाहीत. तुला यांतलं काहीही लागत नाही. मात्र एकदा पैसे भरून पूर्ण खेळ घेतलास की त्या खात्याला मोफत चाचणीत परतता येत नाही. मग महिना भरला नाही तर दार बंद. म्हणून घाईनं सेलमध्ये घेऊन टाकू नकोस. तू घेशील, म्हणून दोनदा सांगते: घेऊ नकोस.

बाकीचे चार पटकन उरकते. ईव्ह या अंतराळातल्या खेळात तू झोपलेला असताना कौशल्यं शिकली जातात, त्यामुळे रजा देणारा खेळ वाटतो. पण जानेवारी 2014 ची बी-आर5आरबी नावाच्या ताऱ्यापाशी झालेली लढाई वाच. एका ताऱ्याच्या ताब्याचं बिल वेळेवर भरलं गेलं नाही, एवढ्यावरून ती पेटली आणि 75 टायटन जहाजं राख झाली. तिथे रजेवर जायचं तर जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालून जावं लागतं. लॉस्ट आर्कमध्ये सहा-सहा पात्रांकडून आठवड्याचं सोनं काढत बसतात; मला तो महिनाअखेरचा ताळेबंद वाटतो. ओल्ड स्कूल रूनस्केप मला मनापासून आवडतो, 2007 च्या जुन्या प्रतीवरून 2013 मध्ये उभा केलेला, नवं काही आणायचं तर खेळाडूंचं मत घेणारा, बसमध्ये फोनवरही चालणारा. तिथे कमावलेली लेव्हल कुणी काढून घेत नाही. पण तुझ्या डोळ्यांना तो सोसणार नाही, मला माहीत आहे. आणि न्यू वर्ल्ड तक्त्यात कशाला आहे? 2021 मध्ये स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर एकाच वेळी नऊ लाखांहून जास्त लोक होते, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये ॲमेझॉननं जाहीर केलं की आता नवीन काही येणार नाही. 'गर्दी' या रकान्याला गुण देताना हे आठव.

'दहा वर्षं टिकेल असा कोणता?' हाही प्रश्न तू विचारलास. वाइल्डस्टार चाळीस जणांच्या रेडची ऐट मिरवत 2014 मध्ये आला आणि 2018 मध्ये मिटला. सिटी ऑफ हीरोज 2012 मध्ये बंद झाला आणि पुढे चाहत्यांनी चालवला, 2024 मध्ये त्यांना रीतसर परवानाही मिळाला. यावरून काय अंदाज बांधायचा? माझ्यानं होत नाही, तूही बांधू नकोस.

तर आता असं कर. गिल्ड वॉर्सचं मोफत खातं उघड, फायनल फँटसीची चाचणी उतरव, वॉरक्राफ्ट 20 लेव्हलपर्यंत फुकट आहे तोही घे. परीक्षेपर्यंत तिन्ही खेळ, मन लावून खेळ. परीक्षेचे पंधरा दिवस एकालाही हात लावू नकोस. शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी तिन्ही उघड आणि कुठे काय बुडालं, कुणी काय विचारलं, तुझ्या पोटात कुठे गोळा आला, ते लिहून मला पाठव. तक्ता नको, सरळ वाक्यं लिही. तोपर्यंत कुठेही सहा महिन्यांचे पैसे एकदम भरायचे नाहीत, स्वस्त पडतात म्हणूनसुद्धा नाहीत.

मला विचारशील तर मी आजच गिल्ड वॉर्सवर बोट ठेवीन. पण तुझा पंधरवडा तुझा, निकाल वेगळा आला तर मला वाद घालायचा नाही. थोडा घालीन.

आतेभावाला मात्र आधीच सांगून टाक की परीक्षेत पंधरा दिवस नसेन, चालेल का? त्याचं उत्तर जसंच्या तसं कळव. आणि हे पत्र त्याला दाखवू नकोस, तो टँक आहे, म्हणजे पुढे उभा राहून मार झेलणारा, त्याला राग लवकर येतो.

तुझी,
मावशी

ता. क. आईला वाटतंय तू कॅम्पस प्लेसमेंटच्या काळजीत आहेस. तिला तसंच वाटू दे, पण फोन करत जा.