बोअरचे पाणी आणि कापडी डायपरचा वास

ताई, तुम्ही लिहिले आहे की घरी बोअरचेच पाणी आहे, बाळ पाच महिन्यांचे झाले आणि हल्ली धुतलेला डायपर ओला होताच डोळ्यांना झोंबणारा वास येतो. म्हणून तुम्ही धुण्याची पावडर निम्मी केली आणि कापड मऊ राहावे यासाठी कंडिशनर घालू लागलात. माझ्या दोन्ही मुलांचे डायपर मी नागपुरात अशाच पाण्यात धुतले आहेत, त्यामुळे कळकळीने सांगते की हे दोन्ही आजच थांबवावे.

ताज्या लघवीला असा वास नसतो. लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात, आणि ओले होताच वास येत असेल तर ते जिवाणू धुतल्यानंतरही कापडात उरले आहेत, असे समजावे. जड पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार पावडरीची बरीच ताकद खाऊन टाकतात, मळ पुरता निघत नाही आणि थर धाग्यांत साचत जातो. त्यात पावडर कमी केली की मळ आणखी राहतो, तर कंडिशनरमुळे कापडाची शोषण्याची शक्ती घटते.

आधी साचलेले काढावे लागेल. बादलीभर कडकडीत नव्हे, पण हाताला चांगल्या गरम लागणाऱ्या पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे) आणि नेहमीची पावडर विरघळवून आतले पॅड चार-पाच तास भिजवावेत, मग मशीनमध्ये धुऊन फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळावेत. बाहेरच्या जलरोधक कव्हरला मात्र हे करू नये आणि उकळत्या पाण्यात तर ते कधीच टाकू नये, कारण त्याचा आतला थर आणि इलॅस्टिक दोन्ही खराब होतात. आपल्या आज्या बाळोती उकळून काढत, ते साध्या सुती कापडासाठी योग्यच होते.

पुढे रोजच्या धुण्यातही थोडा सोडा घालावा आणि पावडर मळलेल्या कपड्यांइतकी घ्यावी. शी लगेच संडासात टाकून डायपर गार पाण्याने खळबळावा. रात्रीचा डायपर तर सकाळी उठल्याबरोबर. बादलीत भिजवून ठेवण्यापेक्षा हवेशीर टोपलीत कोरडे ठेवावे आणि दोन दिवसांत धुवावे. नागपूरसारखे पेंच धरणाचे नळाचे पाणी मिळत असेल तर शेवटचे खळबळणे त्यात करावे. पावसाळ्यात गच्चीवरचे स्वच्छ पावसाचे पाणी त्याहून उत्तम, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

एका दुकानात मला ब्लीच घालण्याचा सल्ला मिळाला होता. लघवीने भिजलेल्या, न धुतलेल्या कपड्यांवर ते कधीही ओतू नये, कारण अमोनियाशी संयोग होऊन विषारी वायू तयार होतो. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करणेही तितकेच धोक्याचे आहे.

वाळवण्याबाबत आपल्याकडचे ऊन वरदान आहे. मे महिन्यात पॅड काही तासांत कडक वाळतात आणि पिवळे डागही फिके पडतात, मात्र कव्हर सावलीतच ठेवावे. जुलै-ऑगस्टमध्ये जाड शिवलेले पॅड पंख्याखालीही आतून ओलसर राहतात, म्हणून त्या दोन महिन्यांसाठी मी घडी उलगडून वाळवता येणारी साधी सुती बाळोती वापरत असे. बाळाच्या त्वचेवर लाली दिसत असेल आणि दोन-तीन दिवसांत ओसरत नसेल, तर धुण्याचे प्रयोग बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.