किती बाळंतपणं करायची या मांजरीची?

प्रश्न : ताई, आम्ही हर्णैजवळ राहतो. आमची ठमी वर्षात तिसऱ्यांदा व्यायलीये, माळ्यावर चार पिल्लं आहेत. मागची चार यांनी गोणीत घालून बंदरावर सोडली, तिथे मासळी असते, उपाशी मरणार नाहीत म्हणून. मला मात्र दोन दिवस जेवण गेलं नाही. ऑपरेशनचं नाव काढलं की सासूबाई म्हणतात मुक्या जीवाचं आईपण काढून घेणं पाप आहे. काय करू?

उत्तर : अगं, मीही लग्नाआधी हेच केलंय. दोन पिल्लं मासळी बाजारात सोडून आले आणि वर मनात म्हटलं, मज्जा आहे बाबा यांची, रोज बांगडा! आठवड्याने गेले तर एकही दिसलं नाही. लिलावाच्या वेळी तिथे टेम्पोंची ये-जा, कुत्रे टपलेले, आणि तिथले जुने बोके नव्या पिल्लाला टोपलीजवळ फिरकू देतील असं वाटतं का तुला? एवढ्याशा पिल्लाला अजून धड शिकारही येत नसते.

आता ठमीचं. मांजर जेमतेम नऊ आठवडे गाभण असते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच परत माजावर येऊ शकते, त्यामुळे पिल्लं जरा मोठी होऊ देत मग बघू असं म्हणता म्हणता पुढची खेप पोटात असते, तुमच्याकडे तेच झालंय. पिल्लं साधारण आठ आठवड्यांची होऊन आपली आपण खायला लागली की लगेच ऑपरेशन करून घे, डॉक्टरांची तारीख आत्ताच ठरवून ठेव आणि तोवर तिला दार लावून घरातच ठेव, बोका कितीही ओरडू दे बाहेर. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करून विचार, सगळीकडे मांजरांचं ऑपरेशन होत नाही, उगाच पिशवीत घालून एसटीने हेलपाटा नको. पैसे एकाचेच असतील तर आधी मादीचं कर, कारण गावात एक बोका मोकळा राहिला तरी सगळ्यांना पुरतो. आणि या पिल्लांतल्या माद्या विसरू नकोस, त्या चार-पाच महिन्यांतच माजावर येऊ शकतात.

पिल्लं द्यायची तर बारमाही गावात राहणाऱ्यांना दे. मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं पिल्लू उशाशी घेऊन झोपतात आणि जूनला गाडी मुंबईकडे निघाली की पिल्लू पडवीत एकटं, दरवर्षी बघते मी हे.

सासूबाईंशी वाद घालू नकोस गं. त्यांना फक्त विचार, मागची चार आता कुठे असतील.

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात. कुत्रे ती उकरतात, म्हणून गावातले म्हणतायत सगळे कुत्रे टेम्पोत भरून खाडीपलीकडे सोडून येऊ. बरोबर आहे का हे?

उत्तर : नाही. पलीकडच्या गावाने काय घोडं मारलंय तुमचं? शिवाय किनाऱ्यावर मासळीचा कचरा पडतोय तोवर रिकाम्या जागी दुसरे कुत्रे येणारच. प्राणी जन्म नियंत्रणाचे 2023 चे नियम आहेत, त्यात भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, म्हणजे तुमच्याकडे ग्रामपंचायत, आणि हे झालं की कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो. ऑपरेशन झालेल्याच्या कानाला खाच पाडतात, त्यावरून कुणाचं राहिलंय ते कळतं. ग्रामसभेत लेखी अर्ज द्या, नुसती ओट्यावर बडबड नको.

पण खरं सांगू का, नसबंदी केलेला कुत्राही उद्या अंडं खाईलच, त्याला कुठे कळतंय आपलं ऑपरेशन झालंय म्हणून! नसबंदीने पुढची पिल्लं थांबतात, आजचे कुत्रे नाही. म्हणून अंडी कुंपणातल्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबायच्या राखलेल्या जागेत हलवायची, रत्नागिरीतल्या वेळास गावात तेच करतात. मात्र अंड्यांना तुम्ही हात लावू नका, ऑलिव्ह रिडले ही आपल्याकडची कासवं कायद्याने संरक्षित आहेत, घरटं दिसलं की वनखात्याला कळवा. आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की उरलेली बारकी मासळी वाळूत टाकून घरी जाणाऱ्यांना जरा बोला, कुत्र्यांना किनाऱ्यावर जेवायला बोलावतात ते तेच.