१५ लाखांत घाटात मजा देणारी गाडी हवी, तर आधी गिअरचं बोलू

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहतो, बजेट १५ लाख, शनिवार-रविवारी घाटात गाडी चालवायची हौस आहे. सेकंड हँड फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (जमल्यास मॅन्युअल), ह्युंदाई आय२० एन लाइन, टाटा अल्ट्रोझ रेसर आणि स्कोडा स्लाविया यांत परफॉर्मन्स, हँडलिंग आणि भरवसा धरून कोणती घ्यावी? आणि शेवटी सहज टाकलेलं एक वाक्य: "मिसेसही चालवणार असल्यामुळे शक्यतो ऑटोमॅटिकच बघतोय."

या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसलेय. बाकीच्या प्रश्नाला उत्तर देणारे पुष्कळ भेटतील. गाडीवर मत नसलेला माणूस पुण्यात शोधावा लागतो.

मिसेसना विचारलंत का? त्यांनीच ऑटोमॅटिक मागितली असेल तर पुढचे चार परिच्छेद सोडून द्या. विचारलं नसेल तर वाचा. मी पंचेचाळिशीची, कर्वेनगरला राहते, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. वडिलांच्या झेनवर बोपदेव घाटात गाडी शिकले. ५० हॉर्सपॉवरची जुनी झेन, पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा नियम बाबांनी क्लच सोडायला शिकवण्याआधी पाठ करून घेतला होता. आज माझ्याकडे पोलो १.० टीएसआय आहे, सहा गिअरची मॅन्युअल.

आता दिवेआगरची गोष्ट. पावसाळा संपता संपता दोन गाड्या घेऊन निघालो. एकीत मी, नवरा आणि मुलगी. दुसरीत धाकटे दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं आणि सासूबाई. भाऊजींनी नुकतीच सात सीटर डिझेल एसयूव्ही घेतली होती, ऑटोमॅटिक. भूगावला चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "वहिनी, ताम्हिणीत दादाकडे द्या गाडी. खरं तर तुम्ही ऑटोमॅटिकच घ्यायला हवी होती. तुम्हाला सोपं गेलं असतं." दादा, म्हणजे माझा नवरा, वडापाव खात होता. त्याने मान वर केली नाही. त्याला घाटात गाडी चालवायला अजिबात आवडत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. भाऊजींनासुद्धा.

पुण्याकडून जाताना ताम्हिणीचा खरा घाट उतरणीचा, कोकणातल्या विळे गावाच्या अंगाला. मी मुद्दाम मागे राहिले. उतार सुरू झाल्यापासून भाऊजींचे ब्रेक लाइट जे लागले ते विझायचं नाव घेईनात. वळण असो की सरळ रस्ता, पाय ब्रेकवरच. मी तिसऱ्यात, अवघड वळणाला दुसऱ्यात, ब्रेक फक्त वळणाच्या आधी. थोड्या वेळाने एसीतून वास यायला लागला. मुलगी म्हणाली, "आई, आपली गाडी जळतेय का?" म्हटलं, "आपली नाही." हॉर्न दिला, डिपर मारला. भाऊजींना वाटलं मला ओव्हरटेक करायचंय, म्हणून त्यांनी गाडी आणखी जोरात सोडली. शेवटी कणसंवाल्याजवळ जागा बघून थांबले, तेही पेडल खोल जायला लागलं म्हणून. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर. उतरल्या उतरल्या पाण्याची बाटली घेऊन चाकावर ओतायला निघाले, ती मी हातातून काढून घेतली. लालबुंद तापलेल्या डिस्कवर गार पाणी टाकलं तर डिस्क वाकते, प्रसंगी तडकते. कणसं झाली, चहा झाला, तोवर चाकं निवली. मी म्हटलं, "लिव्हर एम-वर, म्हणजे मॅन्युअलवर, घ्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये उतरा." उत्तर आलं, "ऑटोमॅटिकला गिअर कशाला टाकायचा? मग घेतली कशाला?" सासूबाई काही न बोलता पिशवी उचलून माझ्या गाडीत येऊन बसल्या.

यात जादू काही नाही, नववीचं विज्ञान आहे. दोन टनाची गाडी ५०० मीटर खाली आणायची म्हणजे साधारण ९८ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची. विजेच्या हिशेबात जवळजवळ पावणेतीन युनिट. दोन किलोवॅटचा गीझर सव्वा तासाहून जास्त चालू ठेवला तर जेवढी उष्णता होईल तेवढी. यातली थोडी हवेच्या विरोधात आणि टायरमध्ये जाते. बाकीची एकतर इंजिनाने रोखायची, नाहीतर चार ब्रेकनी. डी-मध्ये (ड्राइव्ह) सोडलेली ऑटोमॅटिक पेट्रोल-डिझेल वाचवायला वरचा गिअर टाकत राहते, त्यामुळे इंजिनाचा अटकाव नावापुरताच उरतो आणि सगळा भार ब्रेकच्या पॅडवर येतो. पॅड तापले की पकड सुटते. ब्रेक फ्लुइड जुनं असेल तर त्याने हवेतलं पाणी शोषलेलं असतं, ते उकळतं, वाफ धरते आणि पेडल खाली जातं. उतरण ओळखून स्वतःच खालचा गिअर धरणाऱ्या ऑटोमॅटिकही आहेत. पण ताम्हिणीत तेवढ्यावर विसंबू नये, एम नाहीतर एल (खालचा गिअर धरणारी जागा) वापरायचं. भाऊजींच्या गाडीत ती सोय होती. हात लावायचा नव्हता, एवढंच.

घरी पोचेपर्यंत गोष्ट बदलली होती. आता प्रत्येक मुंजीत, प्रत्येक बारशाला भाऊजी सांगतात की गाडीत मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट होता आणि सर्व्हिसवाल्यांनी तो मान्य केला. जॉब कार्ड मला जाऊबाईंनी दाखवलंय. त्यावर लिहिलंय: पॅड ग्लेझ झाल्याने बदलले, फ्लुइड बदललं. ग्लेझ म्हणजे तापून गुळगुळीत झालेले. डिफेक्टचा शब्द नाही. भाऊजी, वाचत असाल तर नमस्कार.

बरं, गाड्या.

जीटी टीएसआय मॅन्युअलमध्ये कधी आलीच नाही. २०१३ पासूनची १.२ लिटर, चार सिलिंडर, १०५ पीएसची (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) गाडी फक्त सात गिअरच्या डीएसजीबरोबर, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिकबरोबर, मिळायची. २०२० पासून १.० लिटर, तीन सिलिंडर, ११० पीएस, आणि तिला सहा गिअरचा साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. मॅन्युअल टीएसआय हवी तर २०२० ते २०२२ मधली जीटी नसलेली पोलो शोधा, इंजिन तेच. जुन्या १.२ चा डीएसजी ड्राय क्लचवाला (क्लच तेलात बुडवलेला नसतो), नाव डीक्यू२००. मोकळ्या रस्त्यावर असा गिअरबॉक्स नाही, पण रांगत्या ट्रॅफिकमध्ये क्लच तापतो आणि त्याच्या मेकॅट्रॉनिक युनिटची, म्हणजे गिअर बदलणाऱ्या मेंदूची, दुखणी जगभर गाजलेली आहेत. युनिट गेलं की खर्च लाखांत बोलायचा. रोज हिंजवडीला जाणार असाल तर १.२ च्या वाटेला जाऊ नका, तिचा आवाज कितीही गोड लागो. १.० ला २००० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) खाली जीव नाही आणि मागच्या सीटवर सहा फुटी माणूस शिव्या घालतो. पण एक्स्प्रेसवेवर शंभरला ही गाडी जशी रस्ता धरून बसते तशी या किमतीतली दुसरी मला माहीत नाही.

आय२० एन लाइन डोक्याने विचार करणाऱ्याची निवड. १२० पीएस, चारही चाकांना डिस्क, सस्पेन्शन साध्या आय२० पेक्षा कडक, सर्व्हिस सेंटर कुठेही. एकच बघा: २०२१ ते २०२३ च्या गाड्यांत आयएमटी होता, म्हणजे गिअर आपण टाकायचा पण क्लचचं पेडलच नाही. अर्धवट प्रकार. सप्टेंबर २०२३ च्या फेसलिफ्टपासून खरा सहा गिअरचा मॅन्युअल आला. तोच घ्या. स्टिअरिंग माझ्या हाताला हलकं लागतं, पण ती तक्रार माझी. तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही.

अल्ट्रोझ रेसर २०२४ मध्ये आली. १२० पीएस, १७० न्यूटन-मीटर टॉर्क (ओढायचा जोर), फक्त मॅन्युअल. पिंपरीची पोर, त्यामुळे वाईट बोलवत नाही. पत्रा आणि सांगाडा दणकट, साध्या अल्ट्रोझला ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत पाच तारे २०२० मध्येच मिळाले होते. वळणात गाडी मस्त बसते. इंजिन आणि गिअर मात्र त्या सांगाड्याच्या लायकीचे नाहीत. ओढते, पण वरच्या आरपीएमला कुरकुरते.

स्लाविया १.५ टीएसआय ही यादीतली खरी वेगवान गाडी. १५० पीएस, २५० न्यूटन-मीटर, चाकणलाच बनते. नवी तुमच्या बजेटबाहेर, पण सेकंड हँड येईल, आणि मॅन्युअल सुरुवातीपासून आली. डीएसजी घेतलात तर इथेही तोच डीक्यू२००, हे विसरू नका. चुलत भावंड फोक्सवॅगन व्हर्टस जीटीला १.५ मध्ये मॅन्युअल २०२३ मध्ये आला. लांब गाडी असल्यामुळे वरंध्यासारख्या अरुंद घाटात पोलोइतकी चपळ वाटत नाही. पण पसरणीत किंवा खंबाटकीत चढावर ट्रकच्या मागून बाहेर पडताना जो जोर लागतो, तो हिच्याकडे आहे.

तुमच्या यादीत नसलेली एक: फिॲटची पुंटो अबार्थ. रांजणगावला बनलेली, १.४ टी-जेट, १४५ पीएस, चार डिस्क आणि जड, जिवंत स्टिअरिंग. परवडणारी स्पोर्ट्स कार हे वर्णन आपल्याकडे कुणाला शोभत असेल तर तिला. फिॲटच्या गाड्या २०१९ मध्ये बंद झाल्या, म्हणून पार्टचा ठिकाणा आणि जुना जाणकार मिस्त्री दोन्ही हाताशी असतील तरच. घरातली एकमेव गाडी म्हणून नको. माझदा मियाटा आणि टोयोटा जीआर८६ या स्पोर्ट्स कारचे व्हिडिओ बघून विचारत असाल तर त्या इथे अधिकृतपणे विकल्याच जात नाहीत, विषय संपला.

माझं मत विचाराल तर सेकंड हँड स्लाविया १.५ मॅन्युअल. नवीच हवी आणि कटकट नको, तर एन लाइन मॅन्युअल. पीएसचे आकडे फार घोकू नका. पुण्यातून जवळजवळ कुठल्याही दिशेला तासभर गेलं की घाट लागतो, आणि घाटात हलकं वजन, ब्रेक आणि योग्य गिअर यांच्यापुढे वीस-तीस पीएस कुठल्या कुठे जातात. भाऊजींची गाडी कागदावर माझ्यापेक्षा किती तरी ताकदवान आहे.

आता थोडं सबुरीने. ऑटोमॅटिक वाईट असं मी म्हणत नाही. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये राहत असाल किंवा गुडघा दुखत असेल तर बिनधास्त घ्या, माझ्या नवऱ्यालाही पुढची ऑटोमॅटिकच हवी आहे आणि त्याचं बरोबर आहे. शौकीन माणूस स्टिअरिंगमागच्या पॅडल शिफ्टवर सुरेख घाट उतरतो. माझं भांडण गिअरबॉक्सशी नाही, बायको चालवणार म्हणून ऑटोमॅटिक या हिशेबाशी आहे. टेस्ट ड्राइव्हला दोघं जा, आधी त्यांना चालवू द्या, आणि सेल्समन सगळं तुमच्याकडे बघून बोलायला लागला तर शोरूम बदला. आणि घाटात मजा म्हणजे शर्यत नव्हे. ताम्हिणीत पावसाळ्यात दरडी येतात, धुक्यात वळणावर सेल्फी काढणारे उभे असतात. खरोखर वेग हवा तर चेन्नई किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर पैसे भरून जा.

सेकंड हँड घेताना दोन गोष्टी कुणी सांगत नाही म्हणून सांगते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही उरलेली दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर ओल्या घाटात धरत नाही. ते पैसे किमतीतून कापून घ्या. ब्रेक फ्लुइड पहिल्याच आठवड्यात बदला, मग दर दोन वर्षांनी. आणि दिसायला छान म्हणून दोन इंच मोठे अलॉय व्हील टाकू नका. गाडी कडक होते, पिकअप मरतो, आणि पौड रोडच्या पहिल्या खड्ड्यात रिम वाकली की विम्याच्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअर मूळ साइज विचारतो.