मोटर न्यूरॉन आजारात, म्हणजे स्नायूंना हालचालीचे आदेश देणाऱ्या चेतापेशी (न्यूरॉन) मरत जातात त्या आजारात, आधी काय बिघडतं, चेतापेशी की तिचा स्नायूशी असलेला जोड?

बऱ्याचदा जोड. निदान उंदरांमध्ये तरी ते स्पष्ट दिसलंय. एसओडी१ या आजाराशी संबंधित जनुकात बदल केलेल्या उंदरांवरचा २००४चा अभ्यास प्रसिद्ध आहे: वयाच्या साधारण ४७व्या दिवशीच चेतातंतूंची (चेतापेशीपासून स्नायूपर्यंत जाणाऱ्या धाग्यांची) टोकं स्नायूंपासून सुटू लागली होती, मज्जारज्जूतल्या चेतापेशी मात्र ८०व्या दिवसानंतर मरू लागल्या. झाड शेंड्याकडून वाळत यावं तसं. माणसात हाच क्रम प्रत्येक रुग्णात असतो का, यावर वाद आहे. काही संशोधक सुरुवात मेंदूतून होते असं मानतात.

मला यातली सगळ्यात रंजक गोष्ट म्हणजे शेजारधर्म! एक चेतातंतू सुटला की शेजारचा शाबूत चेतातंतू नवे फाटे फोडून त्या पोरक्या स्नायूतंतूंना जोडून घेतो. त्यामुळे बरेच न्यूरॉन गेले तरी सुरुवातीला ताकद टिकून राहते आणि निदानाला उशीर होतो. जोर लावणाऱ्या, पण लवकर थकणाऱ्या स्नायूतंतूंचे जोड आधी सुटतात.

म्हणून आता नुसती पेशी वाचवून भागत नाही, हे बहुतेकांना पटलंय. उंदरांमध्ये पेशींचा मृत्यू रोखूनही जोड सुटतच राहिले होते.